पिंपरी-चाकणच्या मोटारी आणि त्यांच्या सुरक्षिततेची परीक्षा

घरांत मोटार घ्यावयाचें ठरलें म्हणजे कांहीं प्रश्न ठराविक असतात. किंमत किती, एका लिटरमध्यें ती किती किलोमीटर जाते, मागच्या आसनावर तिघें नीट बसतात कीं नाहीं, आणि पुढें विकावयाची वेळ आली तर पैसे किती येतील. ह्या यादींत गेल्या दहा-बारा वर्षांत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे: ही गाडी कोठें आदळली, तर आंतलीं माणसें वांचतील काय? वस्तुतः हा प्रश्न सर्वांत आधीं विचारला जावयास हवा होता. तो सर्वांत शेवटीं कां विचारला गेला, आणि विचारल्यावर काय घडलें, ह्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. आणि त्यांतील पुष्कळसा भाग पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड व चाकण ह्या औद्योगिक पट्ट्यांत घडलेला आहे.

हा पट्टा मुळांत मोटारींचा नव्हे. पिंपरीला कारखानदारीची पहिली मोठी खूण उमटली ती १९५४ मध्यें, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ह्या औषधांच्या कारखान्यानें. पुढें आकुर्डीला बजाजांच्या स्कूटरी तयार होऊं लागल्या. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि १९६६ च्या सुमारास टेल्कोनें, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनें, पिंपरीच्या माळावर आपलें ठाण मांडलें. सुमंत मुळगांवकर ह्यांच्या देखरेखीखालीं त्या माळावर झाडें लागलीं, तळें झालें, आणि यंत्रें घडविणारीं माणसें घडलीं. पुढें १९९४ मध्यें निघालेल्या ‘सुमो’ गाडीचें नांव ह्याच मुळगांवकरांच्या नांवाच्या आणि आडनांवाच्या आद्याक्षरांवरून घेतलेलें आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल.

चाकणची कथा निराळी. कांद्याची पेठ आणि संग्रामदुर्ग ह्यांकरितां हें गांव पूर्वापार प्रसिद्ध. १६६० मध्यें फिरंगोजी नरसाळ्यांनीं शाइस्ताखानाच्या फौजेपुढें हा लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजविला, आणि सुरुंगानें बुरूज उडाल्यावरच तो हातचा गेला. त्या चाकणच्या परिसरांत २००९ मध्यें फोक्सवॅगनचा आणि मर्सिडीज-बेंझचा कारखाना उभा राहिला, आणि पाठोपाठ महिंद्रांचा. किल्ल्याची खरी परीक्षा जशी वेढ्याच्या दिवशीं, तशी मोटारीची खरी परीक्षा धडकेच्या क्षणीं. आणि त्या परीक्षेचा निकाल चाकणला चांगलाच अनुभवास यावयाचा होता.

ह्या पट्ट्यांत आरंभीं मुख्यतः मालमोटारी होत. कुटुंबांसाठीं मोटारी टेल्कोनें उशिरां हातीं घेतल्या: १९९१ मध्यें सिएरा, १९९२ मध्यें इस्टेट, १९९४ मध्यें सुमो आणि १९९८ मध्यें सफारी. सुमोंत आठ-दहा माणसें बसत. लग्नाचें वऱ्हाड असो कीं अष्टविनायकाची यात्रा, एका गाडींत घरचीं सारीं माणसें मावत, हेंच तिचें मोठें भूषण मानलें गेलें. ती किती माणसें नेते हें सर्वांनीं पाहिलें. आदळल्यावर कितींना वांचवील हें पाहण्याची रीत तेव्हां ह्या देशांत नव्हती.

परदेशांत मात्र ह्या विषयावर बराच विचार होऊन चुकला होता. मोटार जितकी कठीण तितकी चांगली, अशी जुनी समजूत होती. बेला बारेनी ह्या अभियंत्यानें १९५१ च्या सुमारास तिच्या उलट विचार मांडला. गाडीचा पुढचा व मागचा भाग मुद्दाम चेपला जाईल असा करावा आणि मधली बसण्याची जागा मात्र पोलादी पिंजऱ्यासारखी अभंग ठेवावी, असें त्याचें म्हणणें. धडकेचा जोर चेपण्यांत खर्च होतो आणि माणसाला बसणारा हिसका तितका कमी होतो. दगडी फरशीवर पडणें आणि गवताच्या गंजीवर पडणें ह्यांत जो भेद, तोच येथें. १९५९ मध्यें व्होल्व्हो कंपनींतील निल्स बोलिन ह्यानें तीन ठिकाणीं बांधला जाणारा सीटबेल्ट तयार केला, आणि त्या कंपनीनें तो इतर कारखानदारांसही वापरूं दिला. १९६५ मध्यें अमेरिकेंत राल्फ नेडर ह्यांच्या पुस्तकानें मोटारींच्या सदोष रचनेविषयीं एकच खळबळ उडविली. सत्तरीच्या अखेरीस तेथील सरकारनें गाड्या भिंतीवर आदळून त्यांचे निकाल जाहीर करण्यास प्रारंभ केला, आणि १९९७ मध्यें युरोपांत युरो एनकॅप ही संस्था तारे देऊं लागली. तारे देण्याची युक्ति साधी, पण परिणामकारक ठरली. इंजिनियरच्या आकड्यांनीं भरलेला अहवाल कोणी वाचीत नाहीं. परंतु एका गाडीला पांच तारे आणि दुसरीला एक, हें शाळकरी मुलालाही कळतें.

ही परीक्षा असते तरी कशी? गाडींत माणसाच्या आकाराचे, आंत मोजमापाचीं यंत्रें बसविलेले पुतळे बसवितात आणि ताशीं ६४ किलोमीटर वेगानें ती गाडी एका चेपणाऱ्या अडथळ्यावर आदळवितात. गाडीची सबंध रुंदी नव्हे, तर चालकाच्या बाजूचा शेंकडा ४० भागच अडथळ्यावर येतो. कारण रस्त्यावर समोरासमोर होणारी टक्कर बहुधा अशीच अर्धवट असते. ताशीं ६४ किलोमीटर हा वेग ऐकावयास फार वाटत नाहीं. परंतु हिशेब केला तर सुमारें १६ मीटर उंचीवरून, म्हणजे पांच मजली इमारतीच्या गच्चीवरून खालीं पडतांना जो वेग येतो, तोच हा होय. शिवाय वेग दुप्पट झाला कीं धडकेचा जोर दुप्पट न होतां चौपट होतो. ताशीं ५६ आणि ताशीं ६४ ह्यांतलें अंतर कागदावर आठ किलोमीटरचें असलें, तरी जोराच्या हिशेबानें तें जवळजवळ शेंकडा तीस आहे.

भारतांतील गाड्यांची अशी परीक्षा घेऊन तिचा निकाल जगापुढें मांडला गेला तो जानेवारी २०१४ मध्यें. ग्लोबल एनकॅप ह्या संस्थेनें भारतांत विकल्या जाणाऱ्या पांच लोकप्रिय छोट्या गाड्या, त्यांही सर्वांत स्वस्त स्वरूपांतल्या, जर्मनींत नेऊन आदळविल्या. पांचही गाड्यांना प्रौढांच्या संरक्षणासाठीं एकही तारा मिळाला नाहीं. त्यांत टाटांची नॅनो होती, आणि चाकणला तयार होणारी फोक्सवॅगनची पोलोही होती.

पोलोचा हा निकाल सर्वांत विचार करावयास लावणारा आहे. ह्याच नांवाच्या गाडीला २००९ मध्यें युरो एनकॅपनें पांच तारे दिले होते. मग पांचांचें शून्य झालें कसें? ग्लोबल एनकॅपच्या अहवालांत ह्याचें उत्तर आहे. पोलोचा सांगाडा धडकेंतही भक्कम राहिला होता. परंतु ज्या गाडीची परीक्षा झाली तिच्यांत एअरबॅग, म्हणजे धडकेच्या क्षणीं डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच फुगून डोक्याला व छातीला सांवरणारी पिशवी, बसविलेलीच नव्हती. तीच पोलो दोन एअरबॅगा घालून पुन्हां आदळविली, तेव्हां तिला चार तारे मिळाले. दुसऱ्या कांहीं गाड्यांची स्थिति ह्याहून बिकट होती. त्यांचा सांगाडाच इतका कोलमडला होता कीं, एअरबॅग असती तरी तिचा फारसा उपयोग झाला नसता. म्हणजे शून्य हें फळ एकच असलें, तरी त्याचीं कारणें दोन: एका ठिकाणीं हाडें मजबूत पण ढाल नाहीं, दुसऱ्या ठिकाणीं हाडेंच कच्चीं.

फोक्सवॅगननें एअरबॅग नसलेली पोलो भारतांत विकणें बंद केलें. हा निर्णय स्तुत्यच होता. परंतु तोंपर्यंतचें वास्तव त्यामुळें पुसलें जात नाहीं. एकाच कारखान्यांतून, एकाच नांवानें, एकाच रंगाच्या दोन गाड्या बाहेर पडत. एकींत बसलेला माणूस वांचण्याचा संभव अधिक, दुसरींत फार कमी. आणि भेद एवढाच कीं, एकाच्या खिशांत कांहीं हजार रुपये अधिक होते. ज्यानें पैसे वांचविले त्याला आपण काय गमावीत आहों हें कोणीं सांगितलेंही नव्हतें. आसनाचें कातडें, गाणीं वाजविणारें यंत्र, चाकांची चकाकी हीं दुकानांत डोळ्यांना दिसतात; न फुगलेली एअरबॅग दिसत नाहीं. न दिसणाऱ्या वस्तूचा सौदा अजाण माणसाशीं केला म्हणजे तो माणूस ती वस्तू सोडणारच. येथें बाजारावर हवाला ठेवून भागत नाहीं. तेथें कायदा लागतो.

तो कायदाही यथावकाश आला. ऑक्टोबर २०१७ पासून नव्यानें निघणाऱ्या, आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्वच मोटारींना समोरून ताशीं ५६ आणि बाजूनें ताशीं ५० किलोमीटर वेगाच्या धडकेची चाचणी उतरणें भारतांत सक्तीचें झालें. जुलै २०१९ पासून चालकासाठीं एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारी घंटा आणि वेग वाढल्याची सूचना हीं आवश्यक ठरलीं. २०२१ मध्यें शेजारच्या आसनासाठींही एअरबॅग सक्तीची झाली. ह्या नियमांच्या मागें ज्या संस्था आहेत त्यांपैकीं दोन ह्याच परिसरांतल्या. कोथरूडच्या टेकडीवरील एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, १९६६ मध्यें स्थापन झाली. आणि भोसरीची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट १९६७ मध्यें. मोटार जेथें जन्मते तेथेंच तिची परीक्षा घेणारेही नांदतात, असा हा योग आहे.

कायद्यानें तळाची मर्यादा घालून दिली. वर किती चढावें ही चढाओढ मात्र ताऱ्यांनीं लावली. डिसेंबर २०१८ मध्यें टाटांच्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पांच तारे मिळाले, आणि भारतीय गाडीला हा मान प्रथमच लाभला. ही गाडी पुणें जिल्ह्यांतच, रांजणगांवला तयार होते. तिला त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें चार तारे मिळाले होते. उणीवा दूर करून ती पुन्हां परीक्षेस बसली. नोव्हेंबर २०२१ मध्यें चाकणच्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० ला प्रौढांच्या संरक्षणासाठीं पांच आणि मुलांच्या संरक्षणासाठीं चार तारे मिळाले. ऑक्टोबर २०२२ मध्यें चाकणच्याच फोक्सवॅगन टायगुन आणि स्कोडा कुशाक ह्या गाड्यांना नव्या, अधिक कडक पद्धतींत दोन्ही विभागांत पांच-पांच तारे मिळाले. ज्या चाकणचें नांव २०१४ मध्यें शून्याशीं जोडलें गेलें होतें, त्याच चाकणनें नऊ वर्षांच्या आंत हें करून दाखविलें. त्याच अभियंत्यांना, त्याच कामगारांना हें आधीं अशक्य होतें असें नाहीं. आधीं त्यांना कोणीं विचारलें नव्हतें, इतकेंच.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेणें अगत्याचें आहे. ताऱ्यांची संख्या सारखी असली तरी त्यांचें मोल सारखें नसतें. एक्सयूव्ही ७०० ला प्रौढांच्या विभागांत १७ पैकीं १६.०३ गुण मिळाले. टायगुनला ३४ पैकीं २९.६४. पहिले गुण जुन्या पद्धतीचे. त्यांत गुण मिळत ते केवळ समोरच्या धडकेचे. दुसऱ्या पद्धतींत बाजूची धडकही गुणांत आली, आणि पांच ताऱ्यांसाठीं खांबावरची धडक व गाडी घसरूं न देणारी यंत्रणा ह्यांचीही अट आली. मॅट्रिकच्या आणि इंटरच्या गुणांची तुलना कोणी करीत नाहीं. मग येथें तरी ती कां करावी? जाहिरातींत मात्र पांच तारे तेवढे ठळक छापले जातात, आणि ती परीक्षा कोणत्या सालची व कोणत्या इयत्तेची, हें बारीक अक्षरांत राहतें.

ऑगस्ट २०२३ मध्यें केंद्रीय मंत्री नितीन गडकरी ह्यांनीं भारत एनकॅप ही स्वदेशी पद्धति जाहीर केली, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती अमलांत आली. तिचा कारभार भोसरीच्या वर सांगितलेल्या संस्थेंतून चालतो. समोरून ताशीं ६४, बाजूनें ताशीं ५०, आणि सुमारें २५ सेंटिमीटर जाडीच्या खांबावर आडवी ताशीं २९ किलोमीटर, अशा ह्या तीन धडका. प्रौढांच्या संरक्षणाला ३२ गुण, मुलांच्या संरक्षणाला ४९. हिचे पहिले निकाल डिसेंबर २०२३ मध्यें लागले, ते पिंपरीच्या टाटा हॅरियर आणि सफारी ह्या गाड्यांचे: प्रौढांसाठीं ३०.०८, मुलांसाठीं ४४.५४, आणि दोहोंत पांच तारे. ह्याच गाड्यांना दोन महिन्यांपूर्वीं ग्लोबल एनकॅपनें ३४ पैकीं ३३.०५ आणि ४९ पैकीं ४५ गुण दिले होते. गाडी एक, परीक्षक दोन, गुण किंचित् निराळे. ह्यांत कोणाची लबाडी नसून प्रश्नपत्रिका निराळी आहे.

ही परीक्षा ऐच्छिक आहे. ज्याला आपल्या तयारीची खात्री, तो विद्यार्थी आपण होऊन पुढें येतो. ज्याला नाहीं, तो मागच्या बाकावर शांत बसून राहतो. म्हणून एखाद्या गाडीला तारेच मिळालेले नसतील, तर ती वाईट असें म्हणतां येत नाहीं, आणि चांगली असेंही नाहीं. परंतु ती परीक्षेला कां बसली नाहीं, हें विक्रेत्याला विचारण्याचा ग्राहकाला पुरा अधिकार आहे.

आतां ह्या विषयाचें नवें अंग पाहूं. पेट्रोल व डिझेलच्या जोडीला वीज आली आहे. प्लग-इन हायब्रिड म्हणून जी गाडी ओळखली जाते, तिच्यांत दोन्ही असतात: पेट्रोलची टाकी व इंजिन, आणि घरच्या विजेवर भरतां येणारी मोठी बॅटरी. रोजच्या जवळच्या फेऱ्या विजेवर, लांबचा प्रवास पेट्रोलवर, अशी ही सोय आहे. कुटुंबाच्या मोठ्या गाडींत ही कल्पना मोठ्या प्रमाणावर प्रथम आणली ती जपानच्या मित्सुबिशी आऊटलँडरनें, २०१३ च्या आरंभीं. ह्या आऊटलँडरच्या साध्या प्रकाराला २०१२ मध्यें युरो एनकॅपचे पांच तारे मिळालेले होते. परंतु विजेचा प्रकार बाजारांत येऊन तीन महिने होतात न होतात तोंच, मार्च २०१३ मध्यें एका गाडीची बॅटरी तापून वितळली. कोठें धडक नाहीं, अपघात नाहीं. शोध करतां दोष बॅटरीच्या कारखान्यांतील तपासणीच्या रीतींतच सांपडला. तेथें विजेच्या घटांना अवाजवी धक्के बसत होते. उत्पादन थांबलें, आणि रीत सुधारून ऑगस्टमध्यें पुन्हां सुरू झालें.

ह्याहून बोधप्रद उदाहरण अमेरिकेचें आहे. शेव्हरोले व्होल्ट ही तशाच दुहेरी जातीची गाडी. मे २०११ मध्यें तेथील सरकारी संस्थेनें ती खांबावर बाजूनें आदळवून पाहिली. आंतल्या पुतळ्यांचें रक्षण उत्तम झालें. मोडलेली गाडी आवारांत उभी करून ठेवली. आणि तीन आठवड्यांनीं तिनें आपोआप पेट घेतला. धडकेंत बॅटरीला इजा होऊन तिच्यांतील थंडाव्याचें द्रव्य गळालें होतें. रीतसर चौकशी झाली. जानेवारी २०१२ मध्यें ती मिटवितांना त्या संस्थेनें असा निर्वाळा दिला कीं, अशा गाड्यांना आगीचा धोका पेट्रोलच्या गाड्यांहून अधिक असल्याचें दिसत नाहीं. तथापि कारखानदारानें बॅटरीभोंवतालची बांधणी अधिक बळकट केली. तात्पर्य काय? परीक्षेनें विचारलें होतें, ‘धडकेच्या क्षणीं माणूस वांचतो काय?’ उत्तर आलें, ‘होय.’ तीन आठवड्यांनंतर काय होईल, हा प्रश्न तोंपर्यंत प्रश्नपत्रिकेंतच नव्हता. परीक्षा नेहमीं विचारलेल्या प्रश्नाचेंच उत्तर देते.

भारतांतही असाच एक धडा मिळाला. मार्च २०२२ मध्यें पुण्याच्या लोहगांव परिसरांत रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका विजेच्या स्कूटरनें पेट घेतला. देशांत इतरत्रही तशा घटना घडल्या. त्यानंतर बॅटरीसंबंधींचे नियम कडक झाले, आणि चारचाकी गाड्यांसाठींही ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. बॅटरीला हादरे देऊन, तापवून, ज्वाळेवर धरून, मर्यादेबाहेर भारून पाहावयाचें. आणि एक घट पेटलाच तरी आग गाडींत शिरण्यापूर्वीं प्रवाशांना बाहेर पडण्यापुरती सूचना मिळाली पाहिजे, हा त्यांतला एक महत्त्वाचा विचार आहे.

पिंपरी-चाकणच्या दोन्ही मोठ्या भारतीय कारखानदारांनीं दुहेरी गाडीऐवजीं संपूर्ण विजेवरच्या गाडीची वाट धरली. जानेवारी २०२५ मध्यें चाकणच्या महिंद्रा एक्सईव्ही ९ई ला भारत एनकॅपमध्यें प्रौढांसाठीं ३२ पैकीं ३२ आणि मुलांसाठीं ४९ पैकीं ४५ गुण मिळाले. तिची बहीण बीई ६ हिला ३१.९७ आणि ४५. त्याच वर्षीं विजेवरच्या टाटा हॅरियरनेंही ३२ पैकीं ३२ आणि ४९ पैकीं ४५ गुण मिळविले. अकरा वर्षांपूर्वीं शून्य, आणि आतां पैकीच्या पैकी! बॅटरी गाडीच्या तळाशीं सपाट पसरलेली असल्यामुळें गाडीचा भार खालीं राहतो, आणि ती उलटण्याची भीति कमी होते, हाही एक लाभ. परंतु दुहेरी गाडीचें मोजमाप करतांना दोन्ही बाजू तपासाव्या लागतात: टाकी आणि बॅटरी, दोन्हींचें धडकेंत रक्षण होतें काय, धडक होतांच विजेचा प्रवाह आपोआप तुटतो काय, आणि परीक्षेला बसलेली गाडी ती बॅटरीची होती, कीं तिचा साधा भाऊ. ताऱ्याचें प्रमाणपत्र कोणत्या प्रकाराला लागू आहे, हें त्यावर लिहिलेलें असतें. तें वाचण्याचे कष्ट मात्र घेतले पाहिजेत.

इतकें झाल्यावर सुरक्षिततेचा प्रश्न सुटला काय? नाहीं. सप्टेंबर २०२२ मध्यें पालघर जिल्ह्यांत, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळच्या पुलावर, उद्योगपति सायरस मिस्त्री ह्यांचा अपघाती मृत्यु झाला. ज्या मर्सिडीज-बेंझ मोटारींतून ते जात होते, त्या मालिकेच्या गाड्यांची भारतांतील जुळणी चाकणलाच होत आलेली; युरोपच्या परीक्षेंत तिला पांच तारे होते. पुढच्या आसनांवरील दोघें जखमी झालीं, पण वांचलीं. मागें बसलेले दोघेही गेले, आणि त्यांनीं सीटबेल्ट लावलेले नव्हते, असें पोलिसांच्या तपासांत पुढें आलें. मागच्या आसनावरही पट्टा बांधणें कायद्यानें आवश्यक आहे, हें कित्येक सुशिक्षित घरांत त्या दिवशीं प्रथम कळलें. २०२२ ह्या एका वर्षांत देशांत रस्त्यावर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं १६,७१५ माणसांनीं सीटबेल्ट लावलेला नव्हता. एअरबॅग ही पट्ट्याची सहाय्यक आहे, त्याच्या जागीं बसणारी नव्हे. पट्ट्याविना बसलेला माणूस धडकेंत पुढें फेकला जातो, आणि मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर आदळतो. मांडीवर घेतलेल्या मुलाविषयीं तर बोलावयासच नको; त्या वेगांत कोणत्याही मातेचे हात तें धरून ठेवूं शकत नाहींत. मुलांच्या विभागांतले ४५ गुण मुलाला त्याच्या वेगळ्या, बांधलेल्या आसनावर बसविलें तरच खरे; मांडीवर घेतलें तर त्या गुणांचा कांहींच आधार नाहीं.

आणखी एक गोष्ट ताऱ्यांत मावत नाहीं. त्याच २०२२ सालच्या मृतांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक माणसें दुचाकीवरचीं होतीं, आणि शेंकडा १९ हून अधिक पायीं चालणारीं. म्हणजे तीन मृतांपैकीं जवळजवळ दोन मोटारीच्या बाहेर होतीं. भारत एनकॅपमध्यें पादचाऱ्यांसंबंधींचे नियम पाळल्याशिवाय वरचे तारे मिळत नाहींत हें खरें. पण त्याला स्वतंत्र गुण नाहींत. बॅटरीनें गाडी जड होते, आणि जड गाडी आंतल्याला सुखाची असली तरी बाहेरच्याला तितकी नव्हे. पाळी सुटल्यावर चाकणच्या कारखान्यांतून पुणें-नाशिक रस्त्यावर जो कामगारांचा लोंढा बाहेर पडतो, त्यांत शेंकडों दुचाकी असतात. पांच ताऱ्यांची मोटार ज्या हातांनीं बांधली, ते हात संध्याकाळीं घरीं जातात ते एका हेल्मेटच्या भरंवशावर. ह्या पट्ट्याच्या कर्तबगारीचें मोजमाप करावयाचें तर हाही हिशेब त्यांत धरला पाहिजे.

मोटार घेणाऱ्या कुटुंबानें ह्या इतिहासांतून काय घ्यावें? तारे पाहावेत, पण त्यांच्या मागचें साल आणि पद्धति पाहावी. ज्या प्रकाराला ते मिळाले, तोच प्रकार आपण घेत आहों काय, हें विचारावें. प्रौढांचे आणि मुलांचे गुण वेगवेगळे वाचावेत. गाडी विजेची वा दुहेरी असेल, तर बॅटरीविषयीं विचारावें. आणि गाडी दारांत आल्यावर पहिल्याच दिवशीं घरांत एक नियम करावा, कीं मागच्या आसनासकट सर्वांचे पट्टे बांधल्याशिवाय गाडी सुरू व्हावयाची नाहीं. चाकण आणि पिंपरी येथील कारखान्यांनीं जें दहा वर्षांत करून दाखविलें, तें प्रश्न विचारले गेल्यामुळें; दुकानांतल्या त्या मुख्य प्रश्नाचा आग्रह ग्राहकांनीं सोडला नाहीं, तर पुढच्या गाड्या ह्याहूनही चांगल्या निघतील, आणि रस्त्यावरच्या दुचाकीस्वाराचा विचारही कधीं तरी त्या गुणपत्रिकेंत शिरेल.